कार्बोरेटरच्या वाटीतला रंग

मोहाडी,
दि. ९ जुलै १९७७

भाऊजी आणि शेवंताबाई,

तुम्हा दोघांच्या पायावर इथूनच डोकं ठेवतो.

पाकिटावरचं अक्षर पाहून बाई म्हणेल, नंदूले बहिणीची आठवण वर्षातून एकदा येते, अन् तीही काम पडल्यावर. हव बाई, काम पडलं म्हणूनच लिहून राहिलो. पण गाडीची गोठ भाऊजीशिवाय सांगू कोणाले?

होळीच्या सुमारास मी जुनी ॲम्बेसिडर घेतली हे तुम्हाले माहीत आहे. बाबाच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, हातमागावरची तार दिसेनाशी झाली. माह्या एकट्याच्या मागावर घर चालेना. म्हणून पडवीतला बाबाचा माग काढला, त्याचा खड्डा बुजवला, अन् त्याच जागेवर आता गाडी उभी राहते. मोहाडी ते भंडारा, दिवसातून दोन फेऱ्या, अन् लग्नसराईत वरातीही मारल्या. तीन महिने गाडीनं कसला म्हणून त्रास दिला नाही.

आता पंधरा दिवसांपासून तिनं नवीनच नखरा काढला. उभी असली की इंजन मस्त चालते. हळू चालवा, काही म्हणत नाही. पण पुढं जायले ॲक्सिलरेटर दाबला रे दाबला की दमच तोडते. दोन-तीन झटके देते, कार्बोरेटरमधून फट्‌ करून आवाज येते, अन् सवारी पुढच्या सीटवर येऊन आदळते. पाय उचलला की पुन्हा शहाण्यासारखी चालते. चढावर तर विचारूच नका.

बाबा माग काढल्यापासून माह्याशी बोलत नाहीत. सुनेशी, कौशल्याशी बोलतात, शेजाऱ्याशी बोलतात, मी आलो की भिंतीकडं तोंड करतात. एवढ्यात मात्र गाडीजवळ येऊन उभे राहतात. तेवढंच मले पुष्कळ वाटते. आता गाडीच बंद पडली तर माग गेला तो गेला अन् गाडीही गेली, असं होईल. मग बाबा जन्मात बोलणार नाहीत.

काय करू ते लवकर लिहा.

तुमचा
नंदलाल


नाकाडोंगरी,
दि. १४ जुलै १९७७

नंदलाल,

तुले अन् कौशल्याले आशीर्वाद, मामाजीले माहा नमस्कार सांगजो.

तुही बहीण पत्र वाचून दोनदा रडली अन् एकदा हसली. कुठं रडली कुठं हसली ते विचारू नोको, मलेच समजलं नाही.

मी स्वतः येऊन इंजनले कान लावला असता तर दहा मिनिटांत सांगतलं असतं. पण पावसाळ्यात खाणीतल्या ट्रका चिखलात फसतात अन् आमच्या वर्कशॉपमधी सुट्टीचं नाव काढलं की साहेबाचं तोंड वाकडं होते. तुले एवढ्या दूर ही खोकलणारी गाडी आणायले सांगू शकत नाही. तवा इलाज पोस्टानंच करावा लागेल. डॉक्टर दूर असला की रोग्यानं खरं बोलावं लागते, एवढं ध्यानात ठेव.

एका येळी एकच गोष्ट करजो. तुले एकदम सगळं खोलायची घाई असते. मग काय केल्यानं काय झालं ते बापाच्यानं समजत नाही.

पयले ठिणगी देणारे पॉइंट पाहा. जळले असतील तर घासून घे, फट बरोबर करून घे. नंतर चारही प्लग काढ अन् तोंडाचा रंग पाहा. तपकिरी असले तर ठीक. काळे असले तर पेट्रोल जास्त जाऊन राहिलं. पांढरे असले तर कमी जाऊन राहिलं. मग गाडी गरम झाल्यावर, झटके देत असतानाच चोक अर्धा ओढून पाहा. सुधरली की बिघडली, ते लिही.

अन् मामाजीची काळजी करू नोको. बुढा माणूस रुसला म्हणजे जीव लावून आहे. परका असता तर रुसला कायले असता?

खुशाल


मोहाडी,
दि. २३ जुलै १९७७

भाऊजी,

तुमचं पत्र पोथीसारखं खिशात ठेवून एकेक काम केलं.

पॉइंट घासले, काही फरक नाही. प्लग काढले, चारही पांढरे. फट्ट पांढरे. वरठीच्या रस्त्यावर झटके सुरू झाले तवा चोक अर्धा ओढला, अन् भाऊजी, गाडी अशी सुटली की मागची सवारी टाळ्या पिटायले लागली. चोक आत ढकलला की पुन्हा तेच रडगाणं.

मग इथल्या बाबुलाल मिस्त्रीकडून कार्बोरेटर खोलून साफ करून घेतला. तीन दिवस गाडी वाऱ्यावर. चौथ्या दिवशी पुन्हा खोकला.

आता खरी खबर. बाबा माह्याशी बोलले! परवा सकाळी मी बोनेट उघडून उभा होतो. मागून आवाज आला, "आज पेट्रोल किती लागंल?" मी वळून पाह्यलं तं बाबाच. "दहा लिटर," म्हणलं. ते "बरं" म्हणले अन् आत गेले. पाच महिन्यांत पयल्यांदा. बाईले सांगा. दिवसभर मी सवाऱ्यांशी असा गोड बोललो की लोक म्हणत, ड्रायव्हरले लॉटरी लागली काय?

पुढं काय करू?

नंदलाल


नाकाडोंगरी,
दि. २९ जुलै १९७७

नंदलाल,

मामाजी बोलले हे वाचून शेवंतानं शेजारच्या चार घरी साखर वाटली. आता कोणी विचारलं कायची साखर, तर काय सांगावं? बाप पोराले म्हणला पेट्रोल किती लागंल, त्याची.

तुह्या गाडीचा रोग अर्धा सापडला. पांढरे प्लग अन् हवा कमी करणारा चोक ओढल्यावर सुधारणा, दोन्ही एकच सांगतात. इंजनाले पेट्रोल कमी पडून राहिलं. उभ्या गाडीले घोटभर पुरते, म्हणून तवा ती हसत असते. तू ॲक्सिलरेटर दाबला की हवा एकदम भसकन घुसते अन् तिच्या जोडीले पेट्रोल यायले पायजे, ते येत नाही. कार्बोरेटरमधी पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असते. त्यात काहीतरी अडकते.

आता तूच सांग, साफ केल्यावर तीन दिवस चांगली अन् चौथ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणजे कचरा जुना नाही. रोज नवीन येऊन राहिला. कुठून, ते सापडलं की काम झालं.

बाबुलालनं कार्बोरेटरची वाटी उघडली तवा तळाशी काय होतं? रंग सांग. लाल भुकटी असली तर टाकी आतून गंजली. काळी असली तर रबरी पाइप झिजला. पाण्याचे मणी असले तर पेट्रोलमधी पाणी. रंग सांगितल्यावर मी इथं बसून कुठला पाना कुठं लावायचा ते सांगतो.

रंग. विसरू नोको.

खुशाल


मोहाडी,
दि. ११ ऑगस्ट १९७७

भाऊजी,

पत्राले उशीर झाला, माफ करा.

रबरी पाइप नवीन टाकला. टाकी खाली उतरवून धुतली. वाटीत थोडाफार कचरा होता, साधाच. तुमच्या वर्कशॉपमधी एखादी अशी बारीक जाळी भेटते काय, की जी पाइपात टाकली की कितीही बारीक काही असो, अडकून जाईल? तशी भेटली तर बरं होईल. दोन-चार दिवसाआड मीच आता पहाटे कार्बोरेटर खोलून साफ करतो, हात बसला आहे. पण परवा तेवढ्यानं भागलं नाही.

टेकचंद तुम्हाले माहीत आहे, लुगड्यांचा व्यापारी, आपल्या बाबानं विणलेलं थान, अख्खा तागा, तोच न्यायचा. हप्त्यातून दोनदा त्याचे गठ्ठे घेऊन मी भंडाऱ्याले जातो, माह्या धंद्याचा कणाच तो. परवा वरठीच्या रेल्वे फाटकावर, फाटक उघडं पाहून मी गाडी घातली, अन् ऐन रुळावर ॲक्सिलरेटर दाबला तं ही बया खल्लास. टेकचंद दार उघडून असा पळाला की त्याची चप्पल रुळात राहिली. फाटकवाला अन् मी ढकलून गाडी पलीकडं काढली. आगगाडी यायले अजून येळ होता, पण ते त्या घडीले कोणाले माहीत?

टेकचंद म्हणला, "नंदलाल, दसऱ्यापर्यंत वाट पाहतो. पुढं मी दुसरी गाडी पाहीन." त्याचंही चुकलं नाही.

बाबा आता रोज बोलतात. काल म्हणले, गाडीचं तोंड भलतं मोठं आहे, एवढं पेते कुठं? मी हसलो, तेही हसले. भाऊजी, काहीही करून हे असंच राहू द्या.

नंदलाल


नाकाडोंगरी,
दि. १७ ऑगस्ट १९७७

साळेसाहेब,

रुळावरची गोठ वाचून शेवंतानं देवापुढं दिवा लावला अन् मले म्हणाली, तुम्ही इतके मोठे मिस्त्री, माह्या भावाचा जीव जायची वाट पाहता काय? मी उगाच शिव्या खाल्ल्या. तवा आता तूही दोन खा.

मी रंग विचारला होता. तू पाइप लिहिला, टाकी लिहिली, टेकचंदची चप्पल लिहिली, रंग नाही लिहिला. "साधाच कचरा" म्हणजे कोणता? वीस वर्षं झाली मले इंजनात हात घालून, साधा कचरा मी अजून पाह्यला नाही. अन् तू स्वतःच्या हातानं दोन दिवसाआड वाटी उघडतो, तुले दिसत नाही? नंदलाल, तू लपवून राहिला. काहून, ते मले माहीत नाही.

टाकी धुतली, पाइप बदलला, तरी कचरा येतेच. मग तो टाकीच्याही आधीचा आहे. आता मले सुरुवातीपासून लिही. पेट्रोल कुठून आणतो, कशात ठेवतो, टाकीत कोण ओतते, कशातून गाळते. चाळणीतून गाळत असशील तर चाळणी कशाची. कपड्यातून असशील तर त्या कपड्याचा वीतभर तुकडा पाकिटात घालून पाठव.

माह्या जवळ अशी जाळी नाही. अशी जाळी असती तर दुनियेतले सारे मिस्त्री घरी बसले असते.

खुशाल


मोहाडी,
दि. २६ ऑगस्ट १९७७

भाऊजी आणि शेवंताबाई,

कौशल्याचा वाकून नमस्कार. तुमचं पत्र येऊन हप्ता झाला. हे रोज म्हणतात लिहितो, अन् रोज उशीखाली ठेवतात. म्हणून मीच लिहून राहिली. यायले विचारलं नाही, पण लिहिते म्हणून सांगतलं आहे.

पेट्रोल हे भंडाऱ्याहून पिंपात आणतात, रोज पंपावर येळ जाते म्हणून हप्त्याचं एकदमच. त्या पिंपात काडीकचरा असते. मामाजीनं जून महिन्यात एक दिवस बोटानं चाचपून पाह्यलं, आत गेले, पेटी उघडली, अन् मागावरून उतरवलेलं त्यायचं शेवटचं थान बाहेर काढलं. मागाचा खड्डा बुजवायच्या आदल्या दिवशी कापलेलं ते. टेकचंदले द्यायचं होतं, दिलं नाही, कोणाले हात लावू दिला नव्हता. त्याचा हातभर तुकडा फाडला, नरसाळ्यावर बांधला, अन् स्वतः पेट्रोल गाळलं. तवापासून ते काम त्यायचंच. डोळ्याले दिसत नाही, पण एक थेंब बाहेर पडू देत नाहीत. तुकडा जुना झाला की टाकून देतात अन् थानातून नवीन फाडतात. म्हणतात, गाडीले माह्या हातचंच गाळलेलं पायजे. अशी त्यायची गोठ. गाडीपाशी असले की चेहरा पाहावा.

तुम्ही तुकडा मागितला होता. पाठवते आहे. त्याच थानातला आहे. जवाई माणसाले कोरा, कडक कपडा कसा पाठवावा म्हणून रिठ्याच्या पाण्यात भिजवून, दोनदा धुवून, थोडी नीळ देऊन, इस्तरी केली आहे. कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट लावलं, त्यानं तुमच्या तपासणीत काही अडचण यायची नाही ना?

बाईले म्हणा, गौरीले या.

कौशल्या


नाकाडोंगरी,
दि. २ सप्टेंबर १९७७

कौशल्या आणि नंदलाल,

दोघांले आशीर्वाद.

तुकडा भेटला. काचेच्या बाटलीत पेट्रोल घेतलं, त्यात तुकडा बुडवला, हलवला, पिळला, एक दिवस ठेवला. तळाशी काही नाही. पेट्रोल निर्मळ, फक्त हळदीनं जरा पिवळं झालं. मी म्हणलं, चला, मामाजी सुटले, आता दुसरीकडं पाहावं. तसं लिहायलेही बसलो होतो.

तेवढ्यात तुमची बाई चहा घेऊन आली. तुकडा हातात घेतला, अंगठ्यानं चोळला, अन् कमरेवर हात ठेवून माह्याकडं पाह्यलं. पुढचं तिच्याच शब्दांत लिहितो, ती मागं उभी राहून सांगून राहिली:

"कौशल्या, अगं बाप्पा, हा तू धुतला! माह्या बाबाच्या मागावरचा कोरा कपडा असा मऊ कधी राहते काय? ताण्याले भाताची खळ पाजल्याबिगर तार मागावर चढत नाही, अन् ती खळ धुतल्याबिगर निघत नाही. लहानपणी नवीन थानावर लोळलो की अंगाले पांढरी पांढरी लागायची अन् आई ओरडायची. यायले काय माहीत, यायच्या घरी शेती. न धुतलेला तुकडा पाठव."

पण तुकडा पाठवायची गरज राहिली नाही. शेवंतानं पेटीतून मामाजीनं मागं दिलेलं, अजून न नेसलेलं लुगडं काढलं, त्याचं टोक बाटलीत बुडवलं. हलवलं तसं पेट्रोल ढवळं झालं, अन् घंटाभरानं तळाशी पांढरी भुकटी. वरून मी पाण्याचा एक थेंब टाकला, पिंपात एवढी ओल असतेच. भुकटी त्याभोवती जमली अन् चिकट लगदा झाला. ती भुकटी इतकी बारीक की जाळीतून आरामात जाते, अन् वाटीत जाऊन जेटवर बसते. नवीन तुकडा फाडला की नवीन खळ.

पेट्रोल कधीही कोऱ्या कपड्यातून गाळायचं नसते. ड्रायव्हर लोक सांबराच्या कातड्यातून गाळतात. नाहीतर जुनं, शंभरदा धुतलेलं धोतर.

नंदलाल, आता तूच लिही. रंग पांढरा होता, बरोबर?

खुशाल


मोहाडी,
दि. १० सप्टेंबर १९७७

भाऊजी,

हव. पांढरा होता.

बाबुलालनं वाटी उघडली तवाच मी बोट लावलं, अन् बोटानंच सांगितलं. सहा वर्षांचा असल्यापासून ज्या खळीत हात घातले ते मले ओळखू येणार नाही काय? बाबुलाल म्हणला, हे काय आहे? मी म्हणलं, कोणाले माहीत, साधा कचरा.

मग तुम्हाले लिहीत राहिलो ते काहून, असं तुम्ही म्हणाल. मले वाटलं, तुम्ही इतके हुशार, असा काही उपाय सांगाल की बाबा गाळत राहतील अन् गाडीही चालेल. जाळी म्हणा, काही म्हणा.

भाऊजी, मी त्यायचा माग उपटून फेकला. डोळे गेलेल्या माणसाच्या हातून काम काढून घेतलं. त्यानंतर त्यायनं स्वतःहून त्यायचं शेवटचं थान माह्या गाडीसाठी फाडलं. मी कोणत्या तोंडानं सांगू की बाबा, तुमच्याच कपड्यानं गाडी बंद पडते? कपडा गुपचूप बदलून पाह्यला असता, पण बोटानं ओळखतात ते. कोऱ्याच्या जागी धुतलेला बांधला तं विचारतील, काहून? म्हणून ते नदीवर आंघोळीले गेले की मी वाटी खोलतो, पुसतो, लावतो. जवा जमत नाही तवा रुळावर उभा राहतो.

टेकचंदनं काल पुन्हा दसऱ्याची आठवण दिली. जाऊ दे टेकचंद. तुमचे पाय धरतो, बाबाले काही लिहू नका. कातडं वगैरे काही पाठवू नका. मी पाहून घेईन.

नंदलाल


नाकाडोंगरी,
दि. १९ सप्टेंबर १९७७

मामाजी,

तुमच्या जवायाचा दंडवत.

कौशल्या, हे पत्र मामाजीले मोठ्यानं वाचून दाखवजो, अन् मधली एकही ओळ गाळू नोको. नंदलाल मधी बोलला तर त्याले बाहेर पाठव.

मामाजी, नंदलालनं माह्याकडून वचन मागितलं होतं की तुम्हाले सांगू नये. शेवंताही म्हणाली, बुढ्या बापाचं मन कायले दुखवता. आमच्या घरी चार दिवस याच्यावर तोंडं वाकडी होती. पण मी मिस्त्री माणूस. बिघाड दिसला अन् बोललो नाही तर माह्या पोटात दुखते.

तुम्ही ज्या कपड्यानं पेट्रोल गाळता, त्यातली खळ गाडीच्या इंजनात जाऊन बसते. म्हणून गाडी झटके देते. म्हणूनच वरठीच्या रुळावर नंदलाल टेकचंदसकट अडकला. हे तुम्हाले कोणी सांगितलं नसेल. पोराले दोन महिन्यांपासून माहीत आहे. तुम्ही गाळता अन् तो तुमच्यामागं वाटी पुसते. तुम्ही पुन्हा बोलणं बंद कराल, या भेवानं.

तुमच्या गाळण्यात खोट नाही. पेट्रोल गाळायलेच पायजे, अन् गाडी घेतल्यापासून ते एवढ्या ध्यानानं कोणी करत नव्हतं. खोट खळीची आहे. ती कशी काढायची हे मी तुम्हाले काय सांगू?

रागवायचं असलं तर माह्यावर रागवा. मी दूर आहे, मले ऐकू येणार नाही.

तुमचा जवाई
खुशाल


मोहाडी,
दि. २९ सप्टेंबर १९७७

जवाईबापू आणि शेवंता,

सोमाजीचा रामराम. मले लिहिता येते पण आता ओळ दिसत नाही, म्हणून बोलून राहिलो अन् लिहिणारा लिहून राहिला.

तुमचं पत्र कौशल्यानं वाचलं. रुळाची ओळ मी तिले दोनदा वाचायले लावली.

जवाईबापू, पन्नास वर्षं मी खळ शिजवली. भात किती, पाणी किती, आच किती, झोपेत सांगीन. ती कपड्यात असते हे मले सांगायले नाकाडोंगरीहून पत्र यावं लागलं! गाडीच्या पोटात ती चालत नाही एवढंच मले माहीत नव्हतं. कसं असणार? मी गाडीले लुगड्यासारखं समजलो. नवीन, कडक, चांगल्यातलं चांगलं तिले द्यावं, असं मनात होतं. त्या दिवशीच मी राहिलेलं सारं थान कौशल्याले दिलं अन् म्हणलं, भिजव, उकळ, दगडावर आपट, चार पाण्यातून काढ, अन् खळीचा कण राहिला तं मी बोटानं ओळखीन. आता त्यातूनच गाळतो. कौशल्या म्हणते ते तुमचं सांबराचं कातडं तुमच्याकडंच ठेवा.

एक खरं सांगतो, कोणाले राग येवो. पहाटे पाना वाजायचा तो मले ऐकू येत होता. नदीवर जायले निघालो की अर्ध्या रस्त्यातून आवाज यायचा. मी मनात म्हणत होतो, बरं झालं, माग उपटला त्याचंच हे फळ, पोराले समजू दे. असं म्हणत होतो अन् परत येऊन त्याच गाडीसाठी पेट्रोल गाळत होतो. माणसाचं मन पाहा कसं असते. अन् तो पाना कायले वाजत होता ते आता समजलं.

मागावर होतो तवा टेकचंद थान उलगडून बोट ठेवायचा, म्हणायचा, "सोमाजी, इथं तार चुकली." मले राग यायचा, मी भांडायचो. पण दुसऱ्या दिवशी ते थान नीट व्हायचं. माग गेल्यापासून माह्या चुकीवर कोणी बोट ठेवत नाही. सारे गोड बोलतात, हळू बोलतात. मले वाटलं, आपली चूक होण्याइतकंही काम आपल्या हातात राहिलं नाही. तुम्ही पयले, ज्यानं सात महिन्यांत मले म्हणलं, मामाजी, तुमचं चुकलं. तुमचं भलं होवो.

पत्र वाचून झाल्यावर नंदलालले समोर बसवलं अन् पोटभर शिव्या दिल्या. माग काढला त्याच्या दिल्या, न विचारता काढला त्याच्या दिल्या, अन् बाप रुसला म्हणून रुळावर मरायले निघाला, त्याच्या सर्वात जास्त. त्याले सांगितलं, माही चूक झाली तं मले सांगायची. मी तुहा बाप आहे, देव्हाऱ्यातला देव नाही. त्यानं मान खाली घालून सारं ऐकलं.

हे पत्र तोच लिहून राहिला. "रुळावर" लिहिलं अन् हात थांबला. मी म्हणलं, काय झालं, लिही. आता लिहून राहिला.

शेवंता, दसऱ्याले ये. भाऊ घ्यायले येईल.

सोमाजी


भाऊजी, खाली माह्या चार ओळी. बाबा म्हणतात, लिही, पण काय लिहिलं ते वाचून दाखव.

आठ दिवसांत वाटी उघडली नाही. काल टेकचंदचे गठ्ठे घेऊन वरठीच्या फाटकावरून गेलो, दाबला तशी गाडी निघाली, चोकले हात लावला नाही. टेकचंदनं दार घट्ट धरून ठेवलं होतं, पलीकडं गेल्यावर सोडलं.

बाबानं शिव्या दिल्या तवा मान खाली घातली होती ती रडू आलं म्हणून. त्यायले आसू दिसत नाहीत, म्हणून कळलं नाही. हे आता त्यायले वाचून दाखवलं.

नंदलाल